पाण्यावरचा वाटाड्या

प्रवाळाच्या भिंतीने समुद्रापासून अलग केलेल्या उथळ, शांत पाण्याला लगून म्हणतात. अशा लगूनमधून जेट स्कीवर बसून बेटाला वळसा घालणे ही उष्ण कटिबंधातल्या पर्यटनाची आता रुळलेली रीत आहे. फ्रेंच पॉलिनेशियातले बोरा बोरा हे तिचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. मध्यभागी ओटेमानू हे 727 मीटर उंचीचे जुन्या ज्वालामुखीचे शिखर, त्याभोवती निळे-हिरवे पाणी, बाहेरच्या कडेला प्रवाळाची भिंत आणि त्या भिंतीत मोठ्या बोटींना आत येण्यासाठी पश्चिमेकडे एकच खिंड. वाटाड्या पुढे आणि पाहुण्यांची काही याने त्याच्यामागे, असा तांडा दोनेक तासांत बेटाची प्रदक्षिणा पुरी करतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे लगून नाही. पण देवबागच्या खाडीत, गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि धरणांच्या जलाशयांवर जेट स्की केव्हाच पोहोचली आहे. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या, गोदावरीच्या अडवलेल्या पाण्याला लागून असलेल्या गावातही, आपल्याकडे हे का नको, असा प्रश्न उद्या विचारला जाईल. त्याचे उत्तर यंत्राच्या किमतीत किंवा पाण्याच्या विस्तारात शोधून चालणार नाही. ते पाणी ओळखणारा वाटाड्या तिथे आहे का आणि त्याला वाट दाखवण्याइतका वेळ मिळतो का, हे आधी पाहावे लागते. आपल्याकडे जेट स्कीचा धंदा वाढला, वाटाड्याची जागा मात्र रिकामी राहिली.

वाटाड्या इतका का लागतो, ते यंत्राच्या रचनेवरूनच कळते. जेट स्कीला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतला पंखा ते मागच्या नळीतून जोराने फेकतो आणि त्या धारेच्या रेट्याने यान पुढे जाते. हँडल वळवले की मागची नळी वळते आणि धारेबरोबर यानाची दिशा बदलते. वेगळे सुकाणू नसते. त्यामुळे वेग देणारा थ्रॉटल सोडला की धार मंदावते आणि मग हँडल कितीही वळवले तरी यान ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेने सरकत राहते. समोर अचानक काही आले की नवशिक्याचा हात आपोआप थ्रॉटलवरून निघतो. रस्त्यावर दुचाकी चालवताना लागलेली ही सवय तिथे जीव वाचवते. पाण्यावर नेमकी तीच धडक घडवून आणते. वळायचे असेल तर थोडा थ्रॉटल द्यावाच लागतो, ही गोष्ट मनाला उलटी वाटते आणि ती कुणीतरी आधी सांगून, करून घ्यावी लागते.

थांबण्याचेही तसेच. या यानांचा इतिहास 1968 साली कॅनडातल्या बॉम्बार्डिए कंपनीच्या पहिल्या ‘सी-डू’पासून आणि 1973 साली कावासाकीने बाजारात आणलेल्या ‘जेट स्की’पासून सुरू होतो, पण ब्रेकची सोय असलेले यान सी-डूने 2009 साली आणले. भाड्याने चालणाऱ्या जुन्या यानांत ती सोय असेलच असे नाही. ब्रेक नसलेले भरधाव यान पाण्याच्या विरोधानेच काय ते थांबते आणि तोवर शंभर मीटरच्या आसपास अंतर सहज जाते. म्हणून मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली दोरी फार मोलाची. माणूस पडला की ती सुटते, इंजिन बंद होते आणि यान जवळच थांबते. दोरी न अडकवता बसवलेला स्वार पडला, तर यान त्याच्यापासून दूर जाते आणि त्याला पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट असूनही तो घाबरून जातो.

कपड्यांची बाब आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून ती इथे स्पष्ट सांगायला हवी. ओढणी, पदर, मोकळे केस, लोंबणारे पट्टे हे सारे तळाच्या जाळीत ओढले जाऊ शकते. मागून पडणाऱ्याच्या अंगावर ती जोरदार धार थेट आली तर शरीराच्या आत गंभीर इजा होते; यान बनवणाऱ्या कंपन्या यासाठी जाड रबरी कापडाची घट्ट विजार घालायला सांगतात आणि तसा इशारा यानावरच चिकटवलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर सलवार-कमीज किंवा बर्म्युडा घातलेल्या पर्यटकाला तसेच बसवले जाते. हा निष्काळजीपणा एकट्या चालकाचा नाही. इशारा इंग्रजीत असतो, चालकालाही तो कुणी समजावलेला नसतो आणि पर्यटकाला फोटोची घाई असते.

चांगली सहल किनाऱ्यावरच सुरू होते. वाटाड्या आधी यंत्र दाखवतो, दोरी अडकवतो, हाताच्या खुणा शिकवतो आणि पाण्यात पडल्यावर यान कोणत्या बाजूने सरळ करायचे व मागच्या बाजूने कसे चढायचे ते सांगतो. मग तांडा निघतो. सर्वांत कच्चा स्वार वाटाड्याच्या लगेच मागे, अनुभवी शेवटी, आणि दोन यानांत भरपूर अंतर. समोरून बोट आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचे, हा 1972च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला नियम तिथेही चालतो. पण वाटाड्याचे खरे काम पाणी वाचण्याचे. प्रवाळाच्या लगूनमध्ये गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे वाळूवरचे उथळ आणि तपकिरी डाग म्हणजे पाण्याखाली डोके वर काढलेले प्रवाळ. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तरच हे रंग नीट दिसतात. कलत्या उन्हाकडे तोंड करून निघाले तर पाणी नुसते चकाकते. भिंतीतल्या खिंडीजवळ लगूनमधले पाणी बाहेर ओढले जाते, तिथून किती दूर राहायचे हे त्यालाच ठाऊक असते. मीटरभरापेक्षा कमी पाण्यात पंप वाळू ओढून खराब होतो, म्हणून तिथे यान हळू न्यायचे किंवा न्यायचेच नाही. यंत्र जपण्याचा हा नियम आणि प्रवाळ जपण्याचा नियम एकच ठरतो, ही या सहलीतली सोयीची बाब आहे.

आपल्या किनाऱ्यावर जे विकले जाते ते याहून वेगळे असते. त्याला ‘राऊंड’ म्हणतात. पर्यटक आणि चालक एकाच यानावर बसतात, काही मिनिटांत भरधाव एक-दोन वळणे घेतली जातात आणि पुढचे गिऱ्हाईक बसते. चालक सोबत असल्याने पर्यटक बुडण्याची भीती कमी होते, हे मान्य केले पाहिजे. पण या रीतीत वेग हाच माल असतो. कमाई राऊंडच्या संख्येवर अवलंबून असल्याने सूचना देण्यात गेलेला वेळ तोट्याचा ठरतो. पाच मिनिटांत पाहण्यासारखे काही नसते, म्हणून थरार हवा. थरार हवा म्हणून वेग आणि झटक्याची वळणे हवीत. दोन तासांच्या सहलीत वेग हा मधला एक भाग असतो. मोकळे पाणी आले की पळावे, बेट जवळ आले की सावकाश जावे. धोका आणि उपद्रव हे यंत्रापेक्षा विक्रीच्या मापातून अधिक येतात, असे म्हणण्याला हा आधार आहे.

या फरकावर इंग्लंडमध्ये न्यायालयात वाद झाला होता. तिथे एका जेट स्कीने दुसऱ्या थांबलेल्या जेट स्कीला धडक दिली, त्यात माणूस जबर जखमी झाला आणि धडक देणाऱ्याला व्यापारी नौवहन कायद्याखाली खटला चालून शिक्षा झाली. 2005 साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जिथे जायचे असे ठिकाण नसताना पाण्यावर नुसते मौजेखातर इकडून तिकडे धावणे म्हणजे नौकानयन नव्हे, आणि म्हणून जेट स्की कायद्याच्या अर्थाने जहाज नाही, असा निकालाचा आशय होता. परिणाम असा झाला की बेफाम चालवणाऱ्याला जहाजाच्या चालकाला लागू असणारे कायदे लावता येईनात. ही फट बुजवायला 2023 साल उजाडावे लागले. त्या वर्षी जेट स्कीसारखी याने त्या कायद्याखाली आणली गेली. न्यायालयाचा निष्कर्ष गैरसोयीचा होता, तरी त्याने ठेवलेले बोट बरोबर जागी होते. कुठून निघून कुठे जायचे, कोणत्या वाटेने, कोणत्या बाजूला राहून, हे ठरले की यान प्रवासाला लागते आणि चालकावर नाविकाची जबाबदारी येते. बेटाभोवतीची मार्गदर्शित सहल हा असा प्रवास आहे.

पक्ष्यांच्या अभ्यासातूनही हेच निघते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील बार्नेगॅट उपसागरात सुरय पक्ष्यांच्या वसाहतीवरून जाणाऱ्या बोटींचा अभ्यास जोआना बर्गर या शास्त्रज्ञ बाईंनी 1998 साली प्रसिद्ध केला. साध्या मोटारबोटीपेक्षा जेट स्कीने पक्षी जास्त उडत. पण भरधाव जाणाऱ्या आणि ठरलेला जलमार्ग सोडून वसाहतीजवळ घुसणाऱ्या बोटींनीही त्यांची धांदल उडे. वेग आणि वाट या दोन्ही गोष्टी वाटाड्याच्या हातात असतात. अर्थात काही पाण्यांना वाटाड्याही पुरत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सान हुआन परगण्याने 1996 साली आपल्या बेटांभोवती जेट स्कीला पूर्ण बंदी घातली आणि 1998 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पाणी सर्वांचे आहे म्हणून त्यावर प्रत्येक यंत्र चालवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असे होत नाही, हे तिथे मान्य झाले.

भारतात खरी प्रवाळ-लगूने लक्षद्वीपला आहेत. 36 बेटांची मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर, पण लगूनचा विस्तार सुमारे 4,200 चौरस किलोमीटर. तिथल्या माणसांचे पोट ट्यूनाच्या गळ-काठी मासेमारीवर आहे आणि तिला लागणारे जिवंत आमिष, म्हणजे बारीक मासे, याच लगूनमधून पकडतात. 1998, 2010 आणि 2016 च्या उष्ण लाटांत तिथले प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. अशा पाण्यात पर्यटनाचा प्रत्येक निर्णय आमिषाच्या माशापासून सुरू व्हावा लागतो.

महाराष्ट्रात लगूनच्या सर्वांत जवळचे चित्र मालवण तालुक्यातल्या देवबागला दिसते. देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. खाडीच्या मुखाजवळ वाळूचा एक उंचवटा आहे, त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. 2004च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असे स्थानिक सांगतात. भरतीला त्यावर पाणी चढते आणि ओहोटीला वाळू उघडी पडते. जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड हा सारा कारभार त्याच्याभोवती चालतो आणि त्यावर अनेक मच्छीमार कुटुंबे उभी आहेत. उत्तरेला मालवणचे सागरी अभयारण्य आहे. 1987 साली घोषित झालेल्या या 29.12 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे प्रवाळही येतात.

इथे वाटाड्या बाहेरून आणावा लागत नाही. भरती कधी भरते, उधाणाच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी लाट कशी उठते, वाळू यंदा कुठे सरकली, जाळी कुठे टाकली आहेत, हे देवबाग-तारकर्लीच्या मच्छीमाराला पुस्तकाविना ठाऊक असते. हे ज्ञान आज विकले जात नाही. विकला जातो तो त्याचा वेळ, राऊंडच्या दराने. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या गर्दीत त्याच चिमूटभर पाण्यात पोहणारे, बनाना बोट, प्रवासी होड्या आणि जेट स्की एकत्र येतात. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबाच्या पर्यटकांना परत आणणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. ती जेट स्की नव्हती. पण हंगामाच्या अखेरचा समुद्र आणि धंद्याची घाई एकत्र आली की काय होते, ते त्या दिवशी दिसले. पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवण्याचा नियम मेअखेर लागू होतो, पण समुद्र काही तारीख पाहून बदलत नाही. खाडीच्या मुखापासून आतल्या रुंद पात्रापर्यंत एक आखलेली वाट, तीवर मोजके तांडे, प्रत्येक तांड्याला प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या आणि दर तासाप्रमाणे, अशी व्यवस्था झाली तर त्याच यानांतून मच्छीमाराला कमी फेऱ्यांत तेवढीच कमाई मिळू शकते. गोव्यात 1990 साली सुरू झालेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते. ते घेतलेल्या माणसाचे नाव आणि दाखला यानाच्या परवान्याबरोबर किनाऱ्यावर लावणे अवघड नाही.

एवढ्या सावकाशीने जायचे तर साधी होडी काय वाईट, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर जागेप्रमाणे बदलते. जिथे वाटेचा बराच भाग खोल आणि मोकळा आहे, तिथे जेट स्कीला अर्थ आहे. स्वतः यान हाकण्याचा आनंद खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. जिथे सगळीच वाट उथळ, कांदळवनाची किंवा पक्ष्यांची आहे, तिथे होडीच बरी.

ही कसोटी नाशिकच्या गोदावरीला लावली की तीन पाण्यांची तीन उत्तरे येतात. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे, 1965 साली पूर्ण झालेले मातीचे धरण. जलाशय मोठा आहे, तिथे पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लबही आहे. पण नाशिक शहर हेच पाणी पिते. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांतून इंधनाचा सुमारे पाव भाग न जळताच पाण्यात जाई. त्यामुळेच अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर 1999 साली तशा बहुतेक इंजिनांना बंदी झाली. पिण्याच्या पाण्यावर फोर-स्ट्रोकपेक्षा कमी दर्जाचे इंजिन चालू देऊ नये आणि विजेवर चालणारी याने आता मिळू लागली आहेत, तर पुढची खरेदी तीच असावी. शिवाय जलाशयाची पातळी पावसाळ्यानंतर महिन्यागणिक उतरते. ऑक्टोबरमध्ये खोल असलेली जागा एप्रिलमध्ये खडकाची असते. आखलेली वाट आणि तिच्या खुणेचे तरंगते गोळे वर्षातून अनेकदा हलवावे लागतील. ती तयारी असेल तर गंगापूरला मार्गदर्शित सहल योग्य ठरते.

एकलहऱ्याचे पाणी शहराच्या खालच्या अंगाला आहे. इथला गोदावरीवरचा बंधारा औष्णिक विद्युत केंद्रासाठी. 1970च्या सुमारास केंद्राचे पहिले संच सुरू झाले. ते 140 मेगावॅटचे दोन संच आता निवृत्त झाले असून 210 मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. बंधाऱ्यामागचा फुगवटा लांबून शांत, भरलेला, सहलीला बोलावणारा दिसतो. पण नाशिकसारख्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन नदी इथवर येते. त्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पाणवेली पोसतात आणि पात्र हिरवे करून टाकतात. जेट स्की आणि थर्मलचे पंप दोन्ही पाणी ओढून चालतात, दोन्हींच्या जाळीत हीच पाणवेल अडकते. फरक इतकाच की थर्मलला ती काढायला माणसे असतात आणि जेट स्कीचा स्वार पात्राच्या मध्यावर इंजिन तापून अडकून पडतो. त्याहून गंभीर गोष्ट तुषारांची. जेट स्कीवर माणूस कोरडा राहत नाही. पाणी डोळ्यांत, नाकात, तोंडात जाते. मलमूत्र मिसळलेल्या पाण्याचे तुषार म्हणजे जुलाब, कावीळ, डोळ्यांचे आणि त्वचेचे आजार. म्हणून एकलहऱ्याच्या बंधाऱ्यावर आज जेट स्की आणणे चूक होईल. तिथे आधी मलजल शुद्धीकरण नीट व्हायला हवे आणि पाणवेली यंत्राने उपसण्याबरोबर त्यांचे खाद्य तोडायला हवे. पुढे पाणी स्वच्छ झाले तरी केंद्राच्या पाणी उचलण्याच्या जागेभोवती आणि बंधाऱ्याच्या भिंतीजवळ यानांना मज्जाव लागेलच, कारण पाणी भिंतीवरून वाहत असताना थ्रॉटल सुटलेले यान तिकडेच ओढले जाते. पात्राची जी लांबी उरेल ती वल्ह्याच्या होड्यांना आणि गावातल्या मुलांना पोहायला शिकवायला अधिक उपयोगी पडेल.

आणखी खाली, गोदावरी-कादवाच्या संगमावर, निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पात्रात बेटे तयार झाली, पाणकणीस माजले आणि पाणपक्ष्यांना हवा तसा उथळ पाणथळ मुलूख तयार झाला. 1986 साली तो अभयारण्य झाला, आणि 1,437 हेक्टरचे हे क्षेत्र महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. बेटे, उथळ पाणी, हिरवी किनार हे सारे वर्णन लगूनच्या सहलीच्या जाहिरातीत शोभेल. तरी तिथे जेट स्कीला जागा नाही. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आलेले तलवार बदक, थापट्या, चक्रवाक तिथे परतीसाठी चरबी साठवत असतात. त्यांना दिवसातून दहादा उडवणे म्हणजे ती शिदोरी काढून घेणे. इथली सहल मनोऱ्यावरून, दुर्बिणीतून आणि गावातल्या पक्षिमार्गदर्शकाबरोबर बांधावरून चालत करायची.

एकलहरे आणि नाशिकरोडची कुटुंबे सुट्टीत मालवणला, गोव्याला जातात. क्वचित कुणी लक्षद्वीपलाही. तिथे जेट स्कीवर बसण्याआधी त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. चालकाचा प्रशिक्षणाचा दाखला पाहावा, दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नये आणि कोणत्या वाटेने जाऊन कुठून परतायचे ते किनाऱ्यावर विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नयेत.